दोन घोट

हेमा फ्रिजचं दार उघडून उभी राहिली ती हललीच नाही.

दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. मी पडवीत मोटारसायकलची चेन घट्ट करत बसलो होतो. आतून तिनं हाक मारली, "अहो, जरा इकडं या." आवाज नेहमीचा नव्हता, म्हणून हात न पुसताच गेलो.

तिच्या हातात कॉलेजातून आणलेली काचेची बाटली होती. तिनं ती खिडकीपाशी नेली, उजेडात धरली आणि बोटानं दाखवलं. आतला तपकिरी अर्क कुठपर्यंत आहे, त्याची एक रेघ तिनं बाटलीवर मारून ठेवली होती. अर्क त्या रेघेच्या बराच खाली गेला होता. तुम्ही काही केलंत का, असं तिनं डोळ्यांनीच विचारलं. मी म्हणालो, तुझ्या बाटलीला मी कशाला हात लावू? घरात आम्ही दोघं आणि माझे वडील. चौथं कुणी नव्हतं.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते सोप्यात घोंगड्यावर बसून सुपारी कातरत होते. हेमानं बाटली त्यांच्यासमोर धरली, तसे हसले.

"घेतलं की सकाळी. दोन घोट. घसा जरा भाजला, पण औषध जोरात झालंय बघ."

हेमा तिथंच खाली बसली.

ही गोष्ट जुनी आहे. तेव्हा आमच्या आजरा भागात मोबाइल नव्हते. मी वीज मंडळात लाइनमन होतो. हेमलता लग्न होऊन आली ती बीएस्सी होऊन. पुढं शिकायचं म्हणाली, मी आडवा आलो नाही. माझं त्यात एवढंच. ती एमएस्सी झाली, गडहिंग्लजच्या बाजूला एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागली आणि मग पीएचडीसाठी नाव नोंदवलं. विषय होता आबांचं औषध.

आबा चिघळलेल्या जखमांवर कुंभ्याच्या झाडाची साल द्यायचे. साल पाण्यात उकळायची, त्या पाण्यानं जखम धुवायची, थोडं पोटात द्यायचं. आमच्या घरात हे पिढ्यांपासून चालत आलेलं. हेमाला बघायचं होतं, की त्या सालीत जंतूंना मारणारं नेमकं काय आहे, आणि शरीराची झीज थांबवणारं काही आहे का. एकदा तिनं मला कॉलेजात नेऊन दाखवलं होतं. जांभळ्या पाण्यात सालीच्या अर्काचे थेंब टाकले, की जांभळा रंग जाऊन पाणी पिवळं पडायचं. जितकं पिवळं, तितका झीज थांबवायचा गुण जास्त, असं ती म्हणाली होती.

आबांना तिनं वेगळं दाखवलं. एका काचेच्या बशीत जंतू वाढवलेले, दुधावरच्या सायीसारखा थर. मध्ये भोक पाडून त्यात अर्क घातलेला. त्या भोकाभोवती गोल, स्वच्छ कडं. तिथं एकही जंतू नाही. आबांनी ती बशी इतक्या वेळा उजेडात धरून बघितली, की शिपाई कंटाळला. आयुष्यभर ज्याचा गुण नुसता येताना बघितला, तो त्यांना त्या दिवशी डोळ्यांनी दिसला. गावात येऊन त्यांनी भेटेल त्याला सांगितलं, की आमच्या सुनेनं जंतू मेलेले दाखवले.

पण बशीतला अर्क पाण्यातला नव्हता. पाण्यात सालीतलं सगळं उतरत नाही, म्हणून हेमा ती मिथेनॉल नावाच्या स्पिरिटमध्ये भिजवायची. मग ते स्पिरिट यंत्रावर उडवून टाकायचं आणि खाली राहील तो खरा अर्क. यंत्र कोल्हापूरला होतं. मे महिन्याची सुट्टी लागलेली, कॉलेजचा फ्रिज बिघडलेला, म्हणून कोल्हापूरला जाईपर्यंत बाटली आमच्या फ्रिजमध्ये होती. स्पिरिट अजून त्यातच होतं.

हात लावू नका, विषारी आहे, असं तिनं आम्हाला बजावलं होतं. आम्हाला वाटलं, काम बिघडू नये म्हणून बोलते. कुंभ्याची साल विषारी नाही हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

"आबा, साल विष नाही," हेमा त्यांच्यापुढं बसून सांगत होती. "ती ज्यात भिजवलीय ते विष आहे. खरं सांगा, किती घेतलंत?"

"दोन घोट."

"दोन घोटांनी एवढं कमी होत नाही. पेलाभर गेलंय यातलं."

"दोनच घेतलं म्हणतोय न्हवं."

आबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि आम्हाला विचारलं, काय झालंय मला? मी त्यांच्याकडं बघितलं. काही झालं नव्हतं. डोळे स्वच्छ, हात स्थिर. सकाळी शेताकडं फेरी मारून आले होते, भाकरी नेहमीएवढी खाल्ली होती.

हेमानं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "आत्ता काही होणार नाही. तेच वाईट आहे. हे दिवसभर चालतील, बोलतील. उद्या पहाटे डोळ्यांपुढं धुकं येईल. मग दिसायचं बंद होईल. मग श्वास."

खांबावर चिकटलेला माणूस मी बघितला होता, माझ्याबरोबर काम करणारा. विजेचं असं, की काय होणार ते त्या क्षणाला होऊन जातं. इथं माणूस समोर बसून सुपारी चघळतोय आणि त्याचं मरण आत सावकाश शिजतंय. ती भीती मला नवीन होती.

गावातली वडापची, भाड्यानं माणसं नेणारी जीप सांगितली. आबा ड्रायव्हरशेजारी बसले आणि वाटभर त्याच्याशी बोलत होते, पावसाचं, काजूचं. सून जरा भित्री आहे, असंही हसत सांगितलं. मागं हेमा बाटली दोन्ही हातांनी धरून बसली होती. सारखी त्यांच्या मानेकडं बघत होती.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर मुजावर होते. तरुण, नुकतेच आलेले. हेमानं मिथेनॉल म्हटल्यावर ते खुर्चीतून उठले. बाटली बघितली, आबांना तपासलं, डोळ्यांत बॅटरी मारली, मग कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. बराच वेळ नुसतं हो, हो म्हणत होते. फोन ठेवून आम्हाला सगळं नीट समजावलं. यावर खास औषध असतं ते इथं नाही. कोल्हापूरला नेऊन मशीनवर रक्त साफ करावं लागेल. दवाखान्याची गाडी एका अडलेल्या बाईला घेऊन गेलीय, परत आली की निघायचं. पण तोवर थांबून चालणार नाही. पोटात दारू गेली पाहिजे. शरीर आधी दारू पचवायला घेतं आणि तोवर त्या स्पिरिटचं विष होत नाही. दारू थांबली की विष सुरू.

"मीही तेच वाचलंय," हेमा हळू म्हणाली. तिला घरापासूनच माहीत होतं. जीपमध्ये ती बोलली का नव्हती, ते मला नंतर कळलं.

दारू आणायला मी गेलो. डॉक्टरांनी बजावलं, दुकानातली सीलबंदच आणा, हातभट्टी अजिबात नको. बाजारपेठेतल्या त्या दुकानाची पायरी मी कधी चढलो नव्हतो. दुकानदारानं वीज मंडळाचा खाकी शर्ट बघितला आणि विचारलं, लाइनमन, आज कुणाचा निरोप समारंभ? बाटली शर्टाखाली धरून मी पळत सुटलो.

डॉक्टरांनी माप काढून स्टीलच्या पेल्यात ओतली, पाणी घातलं. आबांनी वास घेतला आणि पेला खाली ठेवला.

"ही न्हाई चालायची."

डॉक्टर म्हणाले, "बाबा, मी मुसलमान आहे. मीही कधी चाखली नाही. पण आज ही दारू नाही, औषध आहे."

आबांना हसू आलं. "तुमच्यात चालत न्हाई, आमच्यात चालत न्हाई. मग आणली कुणासाठी?"

डॉक्टरही हसले. पण आबांनी पेल्याला परत हात लावला नाही. समजूत घालायला लागलो, तसे एकदाच बोलले. औषध देणाऱ्यानं दारू शिवायची नसते. शिवली की हाताचा गुण गेला, कायमचा. पुन्हा कितीही साल उकळा, नुसतं पाणी. त्यांच्या बानं शिवली नव्हती, आज्यानं शिवली नव्हती. आणि शिवाय मला झालंय काय, असं त्यांनी परत विचारलं. ही पोर घाबरलीय म्हणून मी गुण घालवू?

हेमाला हे माहीत होतं. म्हणून ती जीपमध्ये गप्प होती.

डॉक्टर मला म्हणाले, नाकातून नळी घालता येईल, पण माणूस शुद्धीत आहे, नको म्हणतोय, कसं करू? मी आबांच्या पाया पडलो. त्यांनी माझं डोकं थोपटलं, लहान पोराचं थोपटावं तसं, आणि भिंतीकडं तोंड केलं. घड्याळाकडं बघायची हिंमत होत नव्हती.

मग हेमा पुढं झाली. ती रडली नाही, हात जोडले नाहीत. कॉलेजात पोरांना सांगते तशा आवाजात बोलली.

"आबा, बाटली माझी आहे. मी घरात आणली. उद्या तुमचे डोळे गेले तर मी घालवले. तुम्ही गेलात तर मी मारलं. लोक सोडा. मी स्वतःला काय सांगू?"

आबा भिंतीकडंच बघत होते.

"तुमच्या हाताचा गुण मोठा आहे, मला माहीत आहे. मी त्याच्यावरच शिकतेय. तो तुम्ही माझ्यासाठी द्या. मी मागतेय."

बाहेर व्हरांड्यात कुणाचं तरी तान्हं रडत होतं. आबा वळले. त्यांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं नाही. मग आपला उजवा हात पुढं धरून तळव्याकडं बघितलं. पेला उचलला आणि डोळे मिटून एका दमात प्यायले.

त्यांना जोराचा ठसका लागला. हेमा पाठ चोळत होती. म्हणाले, तुझी सासू असती तर आज मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

थोड्या थोड्या वेळानं डॉक्टर माप ओतत होते. दुसऱ्या पेल्यानंतर आबांचा चेहरा तांबूस झाला आणि ते बोलायला लागले. जन्मात न बोललेलं बोलत होते. डॉक्टरांना जावईबापू म्हणाले. नर्सला तिचं माहेर विचारलं. मला म्हणाले, तू लहानपणी लई रडका होतास गुंडू. हेमा त्यांना मध्येच विचारत होती, आबा, खरं किती प्यालात? डॉक्टरांनाही ते पाहिजे होतं. पेलाभर गेलं असेल तर कोल्हापूरपर्यंत तरी टिकतील का, अशी त्यांना धास्ती होती. आबा दोन बोटं दाखवायचे.

"खोटं कशाला बोलू? दोन घोट मी घेतलं. बाकीचं मायाक्काला."

"कोण मायाक्का?" हेमानं विचारलं.

मायाक्का मला माहीत होती. ओढ्यापलीकडं डोंगराच्या उतारावर धनगरवाडा आहे, तिथल्या लगमाबाईची पोरगी. सहा-सात वर्षांची असेल. तिच्या पायात खुंट घुसला होता आणि पाय चिघळला होता. आबांनी साल उकळून दिली होती, पण या वेळी गुण येत नव्हता. आबा जड होत चाललेल्या जिभेनं सांगत राहिले. सुनेचं औषध जोरात आहे, बशीत बघितलंय. म्हणून आदल्या सांजेला एका रिकाम्या बाटलीत थोडं काढून लगमाबाईला दिलं. पण लगेच पाजू नको म्हणून बजावलं. द्यायच्या आधी आपण घ्यायचं असतं, बा सांगून गेलाय. आपल्या पोटानं सोसलं तरच दुसऱ्याच्या पोटात घालायचं. म्हणून आज सकाळी स्वतः घेतलं.

"मला काय झालं का? न्हाई झालं. आता सांजेला ती पाजंल. पोरीचा पाय बरा हुईल बघ."

मी हेमाकडं बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. एवढ्याशा पोरीला एक चमचासुद्धा पुष्कळ झाला असता. ऊन खिडकीतून तिरपं आत आलेलं होतं.

ती फक्त म्हणाली, "जा."

दवाखान्याच्या दारात आमच्या बोर्डातल्या एकाची मोटारसायकल होती, किल्ली मागून घेतली. पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. घाटातली वळणं. एक बैलगाडी वाटेत आडवी, तिच्या बाजूनं चाक खडीवरून घसरलेलं. सूर्य समोर होता आणि प्रत्येक वळणाला तो आणखी खाली गेलेला दिसत होता. सांज म्हणजे नक्की कधी? धनगरवाड्यात सूर्य डोंगराआड लवकर जातो. मी स्वतःशी मोठ्यानं बोलत होतो, थांब, थांब म्हणत होतो, कुणाला ते माहीत नाही.

ओढ्यापर्यंत गाडी जाते. पुढं पायवाट, सगळी चढाची. गाडी तशीच सोडून पाण्यात उतरलो आणि वर बघितलं.

लगमाबाई झोपडीपुढं उभी होती. कपाळावर हात धरून वाटेकडंच बघत होती. माझ्या जिवात जीव आला. ती बाहेर उभी आहे म्हणजे अजून पाजलेलं नाही. पाजलं असतं तर पोरीपाशी बसली असती. मी दोन्ही हात वर करून हलवले. तिनं मला ओळखलं, तिनंही हात केला आणि लगबगीनं आत गेली.

मी धावायचा थांबलो. खरं सांगतो, थांबलो. छातीत भाता चालल्यासारखं होत होतं. वेळेवर पोचलो असं वाटलं. एका दगडाला धरून श्वास घेतला आणि मग चालत वर निघालो. पाव्हणा आलाय म्हणून ती आत पाणी आणायला गेली असेल, असं मनात आलं.

दारात वाकून आत बघितलं. लगमाबाईनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पोरीचं नाक एका हातानं दाबलं होतं, दुसऱ्या हातात वाटी. वाटी पोरीच्या ओठाला लागलेली होती. लगमाबाईनं माझ्याकडं बघून तोंडभर हसून म्हटलं,

"सकाळधरनं वाट बघतोय तुझी. आबा बोललं हुतं, मला काय झालं न्हाई तर सांजेला गुंडूला धाडतो. गुंडू दिसला की पाज. आलास बाबा."

मी उडी मारली. हातानं वाटी उडवली, ती चुलीवर आदळली. पोरगी किंचाळली. लगमाबाईला काही कळेना. पोरीला छातीशी धरून ती मला शिव्या द्यायला लागली, आबांचं औषध सांडलंस, माझ्या लेकराच्या तोंडचं सांडलंस. मी पोरीचं तोंड सदऱ्यानं पुसत होतो, बोट घालून जीभ पुसत होतो, पाणी ओतत होतो, गिळलंस का म्हणून विचारत होतो. ती नुसती रडत होती. रडता रडता थुंकली. थुंकी पांढरी होती. ओठाला लागलं होतं तेवढंच. आत गेलं नव्हतं.

मला जमिनीवर बसावं लागलं. मग लगमाबाईला सगळं सांगितलं. वाटीतलं जिथं सांडलं होतं, ती जागा तिनं पायानं राख ओढून झाकून टाकली आणि पोरीला पाठंगुळीला घातलं.

दोघींना गाडीवर बसवून मी दवाखान्यात आणलं. उजेड जायला आला होता. हेमा फाटकात उभी होती. तिनं मला बघितलंही नाही. पोरीच्या पुढं वाकून तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"पोटात गेलं?"

"नाही."

तिनं फाटकाचा गज धरला आणि तशीच उभी राहिली. मग सांगितलं. मी गेलो आणि गाडीचा आवाज विरला न विरला तोच आबा म्हणाले होते, बरं झालं गुंडू गेला, त्याला बघूनच पाजायचं ठरलंय. हेमा रस्त्यापर्यंत पळत गेली होती. मी कुठं दिसणार होतो? मी गेलो नसतो तर लगमाबाईनं पाजलंच नसतं. मला थांबवायला काही साधन नव्हतं. तेव्हापासून ती आत आबांना पेला देत होती आणि बाहेर येऊन रस्ता बघत होती. आत जाऊन पेला, बाहेर येऊन रस्ता. आपल्या बाटलीतलं विष आपल्याच नवऱ्याच्या पायांनी त्या पोरीपर्यंत चाललंय, हे तिला त्या फाटकात उभं राहून सोसावं लागलं होतं.

मायाक्काला डॉक्टर मुजावरांनी तपासलं, ठेवून घेतलं, पायाला चीर देऊन पू काढला, इंजेक्शनं सुरू केली. तिचा पाय पुढं त्याच दवाखान्यात बरा झाला.

गाडी आली तशी आबांना कोल्हापूरला हलवलं. वाटेतही हेमा मापानं पाजत होती. तिथं त्यांना मशीनला जोडलं. आम्हाला बाहेर बसवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, जगतील. डोळ्यांचं सकाळी कळेल.

उजाडायला लागलं तेव्हा आम्हाला आत सोडलं. आबा उताणे पडले होते, डोळे मिटलेले. हेमानं कॉटच्या कडेला बसून हाक मारली. त्यांनी डोळे उघडले. आढ्याकडं बघत राहिले. पापणी हलत नव्हती. हेमानं तोंड पुढं नेलं, त्यांच्या अगदी समोर, आणि विचारलं, आबा, कोण आहे?

मी माझे हात एकमेकांत घट्ट धरले होते.

"पोरी," ते म्हणाले, "कुंकू फिसकटलंय तुझं."

हेमा हलली नाही. शास्त्र शिकलेली बाई, तिला एवढ्यानं पटणार नव्हतं.

"कुठल्या बाजूला?"

"ह्या." त्यांनी सुई लावलेला हात कसाबसा उचलला आणि तिच्या डाव्या भुवईकडं बोट केलं. "हितपतूर आलंय."

खरंच आलं होतं. घामानं की हातानं, कुणास ठाऊक, आदल्या दिवसापासून कुणी बघितलंच नव्हतं. हेमानं पदरानं पुसायला घेतलं ते सगळ्या कपाळभर झालं, आणि आबा म्हणाले, आता तर लईच.

आबांनी त्यानंतर कुणाला साल दिली नाही. लोक यायचे. ते म्हणायचे, गुण गेला, दवाखान्यात जा. हेमानं खूप सांगितलं, की असं काही जात नसतं. ते ऐकून घ्यायचे, तिच्यासाठी रानातून साली काढून आणायचे, पण स्वतः कधी उकळल्या नाहीत. सालीवरचं तिचं पुस्तक छापून आलं तेव्हा त्यांनी ते उघडून उजेडात धरलं होतं.

हेमा गेल्या पौषात गेली. आजार लांबला होता, घाबरायचं ते आधीच सगळं घाबरून झालं होतं. बायकांनी तिला नवं लुगडं नेसवलं, कुंकू लावलं. लावणारी म्हातारी होती, हात थरथरला, कुंकू डाव्या भुवईवर आलं. पुरुषांनी तिथं जायची आमच्यात रीत नाही. मी पुढं झालो, रुमाल काढला, त्याचं टोक ओलं केलं आणि कुंकू सरळ केलं.